कोपरा तुटलेला निळा फ्यूज

३ मार्च, रविवार

चालू झाली नाही! खर्र खर्र खर्र — आणि गप्प.

सगळं तयार होतं. मागच्या सीटवर सासूबाई, गुडघ्याखाली उशी, मांडीवर औषधांचा डबा. डिकीत दोन बॅगा, त्यांची लाकडी खुर्ची, शिवणाचं मशीन. पुढे हे — इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांवर गॉगल. आणि मी फाटकात, हात हलवायच्या तयारीत. सहा महिने या हात हलवण्याची वाट बघत होते! हात तसाच वर राहिला.

जगातल्या उत्तम गाड्यांत म्हणे हिची गणती. सीट गरम होते, छप्पर उघडतं, मागचं दार नुसता पाय पुढे केला की वर जातं. फक्त गाडी जात नाही.

आमच्या घरचा नियम असा — आई सहा महिने आमच्याकडे, सहा महिने मोठ्या भावजींकडे. ज्याची पाळी संपली त्याने पोचवायचं. न्यायला कोणी येणार नाही. नियम ह्यांनीच केला. भावजींनी एकदा ‘आज येतो, उद्या येतो’ करत दोन महिने काढले होते, तेव्हापासून.

“टॅक्सी करू या,” मी म्हटलं.

“माझी आई भाड्याच्या गाडीतून जाणार नाही!” इति हे.

आईंनी काच खाली केली (ती मात्र झाली!) आणि म्हणाल्या, “धाकट्या, तुझ्या या कपाटापेक्षा माझा गुडघा बरा. कुरकुरतो, पण उठतो.”

बॅगा परत वर. खोली परत त्यांची. माझं टेबल परत स्वयंपाकघराच्या तोंडाशी.

४ मार्च, सोमवार

कामाचा पहिलाच फोन. मागे टीव्ही. गिऱ्हाईक घाबरून विचारतो, “मॅडम, तुमच्याकडे मारामारी चाललीय का?” मालिका होती.

विमा कंपनीसाठी मी घरून गाड्यांचे दावे तपासते. खरा मंजूर, खोटा नामंजूर. दिवसभर परक्यांच्या तक्रारी ऐकायच्या आणि मधल्या सुट्टीत घरच्या. त्यात आईंचा निकाल आधीच लागलेला असतो — “देऊन टाक ग बिचाऱ्याला. आवाजावरून खरा वाटतोय.”

आज एक महाभाग पकडला. तीन वेगळे अपघात, तीन दावे, आणि तिन्ही फोटोंत एकच फुटलेला आरसा! माणसाचा चेहरा मी विसरेन, तडा नाही विसरणार. खोटं मला वासावरून कळतं. (हे वाक्य कधीतरी साहेबांना ऐकवायला हवं, पगारवाढीच्या वेळी.)

५ मार्च, मंगळवार

ह्यांनी रजा घेतली. सर्व्हिस सेंटरला फोन करायचा नाही म्हणे. “फ्यूज असणार. एवढ्यासाठी त्यांना कशाला बोलवायचं? मी बघतो.” घरातला नळ गळतो त्याला आता वर्ष होईल. तोही हेच बघतायत.

कपाळावर विजेरी बांधून खाली गेले. पाठोपाठ गाडीचं पुस्तक — उशीएवढं जाड. वाचून कळलं की फ्यूजचे डबे तीन आहेत. एक बॉनेटखाली, एक स्टिअरिंगखाली, एक डिकीत डाव्या बाजूला झाकणाआड. प्रत्येकात नखाएवढे रंगीत फ्यूज दाटीवाटीने उभे. लाल दहा अँपिअरचे, निळे पंधराचे, पिवळे वीसचे. जळलेला ओळखायचा कसा? ओढून काढायचा, उजेडात धरायचा, आतली बारीक तार तुटलेली दिसते. सोपं आहे. म्हणजे ज्याला सोपं वाटतं त्याला.

समोरच्या घरातले दातांचे डॉक्टर चहाचा कप घेऊन येऊन उभे. “हलवू नका, सरळ वर ओढा. उपटायचं काम आमचं!” ह्यांनी बॉनेटखालचे सगळे उपटले आणि जिन्याच्या कट्ट्यावर वर्तमानपत्रावर ओळीने मांडून, पाणी प्यायला घरात आले.

तेवढ्यात आई काठी टेकत खाली उन्हाला बसायला. परत येऊन बघतात तर ओळ गायब. सगळे फ्यूज आईंच्या शिवणाच्या डब्यात!

“बटणं वाटली रे. रंग चांगले होते.”

डॉक्टरांना ठसका लागला. मीही पदर तोंडात धरला. संध्याकाळपर्यंत परत लावणं चाललं होतं. शेवटी एक उरला. कुठला ते देवाला ठाऊक. हॉर्न वाजेना, म्हणजे तो हॉर्नचा.

६ मार्च, बुधवार

सापडला! डिकीतल्या डब्यात. पेट्रोलच्या पंपाचा. निळा, आतली तार जळून काळी. ह्यांनी तो हिरा मिळाल्यासारखा वर धरला आणि मला हाका मारल्या. मी धावत गेले, तो नेमका ह्यांच्या हातून पडला आणि माझ्या चपलेखाली — कट्! एक कोपरा तुटला.

“असू दे, जळलेलाच आहे,” मी म्हटलं. पण ह्यांनी उचलून, पुसून, चष्म्याच्या घरात ठेवला. आठवण म्हणे! नवा बसवला. एका झटक्यात गाडी चालू. एवढं मोठं धूड आणि नखाएवढ्या प्लास्टिकवर अडलेलं.

ह्यांची छाती दोन बोटं वर. डॉक्टरांना मुद्दाम हॉर्न वाजवून दाखवला. रविवारी नक्की!

१० मार्च, रविवार

खर्र खर्र खर्र.

मी फाटकात. हात वर.

हे खाली उतरले, सरळ डिकीकडे गेले, झाकण काढलं, पाठमोरे काहीतरी केलं आणि फ्यूज माझ्यापुढे धरला. “परत जळाला बघ. लोड जास्त झाला असणार.” लोड! आईंचं वजन ते काय!

हातात घेऊन बघितला. तार तुटलेली खरीच. आणि याचाही कोपरा तुटका. आजकाल नखाएवढी वस्तूसुद्धा धड बनवत नाहीत!

नवा फ्यूज आणू म्हटलं तर रविवारी दुकान बंद.

१२ मार्च, मंगळवार

काल ह्यांनी नवा फ्यूज बसवला, गाडी चालू. तरी आज ह्यांना न विचारता सर्व्हिस सेंटरला फोन केला. टाय लावलेला मेकॅनिक आला. आधी मला गाडीसाठी सुगंध, मग गालिचे विकायचा प्रयत्न केला, मग मीटर लावला. इकडे लाव, तिकडे लाव.

“गाडी एकदम ओके आहे, ताई.”

“मग दर रविवारी फ्यूज कसा जळतो?”

“गाडीला रविवार कळत नाही, ताई.”

हे ऑफिसातून आले तेव्हा सांगितलं. चेहरा पडला. म्हणाले, “ही पोरं काय बघतात? नुसते टाय!” मला वाटलं, पुरुषाचा अहंकार. दुसऱ्याने हात लावलेला खपत नाही.

१४ मार्च, गुरुवार

आज माझी नोकरी जायची होती.

एकाचा दावा नामंजूर केला. तो फोनवर वाट्टेल ते बोलायला लागला. आम्हाला उलट बोलायची परवानगी नाही. ‘समजू शकते सर, समजू शकते सर’ एवढंच. आईंनी टीव्ही बंद केला, उठल्या — गुडघ्यासकट — आणि माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला.

“काय रे, घरी आई आहे का तुला? आहे ना? तिला फोन दे.”

कॉल रेकॉर्ड होतात! मी कपाळावर हात मारून घेतला. पण पलीकडून बारीक आवाजात, “सॉरी, मावशी.”

आईंनी हेडफोन परत दिला आणि टीव्ही लावला. आवाज मात्र कमी ठेवला. दिवसभर कमीच होता.

१७ मार्च, रविवार

खर्र खर्र. डिकी. झाकण. पाठमोरे हे. मग माझ्या हातावर फ्यूज.

निळा. तार तुटलेली. कोपरा तुटका.

तोच!!

माझ्या चपलेने तुटलेला कोपरा मी ओळखणार नाही? तीन अपघातांना एकच आरसा लावणारा तो महाभाग माझ्याच घरात! आणि मी मागच्या रविवारी कारखान्याला नावं ठेवत बसले होते.

बोलले नाही काही. अशा वेळी आधी कागद पुरे करायचे असतात.

१८ मार्च, सोमवार

संताप संताप झालाय. आईला ठेवून घ्यायचं होतं तर तोंड नव्हतं का? मला फाटकात दर रविवारी हात वर करून उभं करायचं! आणि ती कपाळावरची विजेरी! बॅगा चढवा, बॅगा उतरवा — शिवणाचं मशीन मी उचललंय तीन वेळा. माझी कंबर गेली ह्यांच्या नाटकापायी.

भाजीत मीठ घालायला विसरले. ह्यांनी मुकाट्याने खाल्ली. म्हणजे गुन्हा कबूल.

२० मार्च, बुधवार

आई आंघोळीला गेल्या तेव्हा ह्यांच्या चष्म्याचं घर टेबलावर पालथं केलं. चष्मा पडला, फ्यूज पडला.

ह्यांनी आधी चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. मग —

“दादाने एक जागा बघितलीय. वृद्धांची. पहिल्या तारखेपासून. आईला माहीत नाही.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बरं झालं.”

खरंय, म्हणाले असते. या महिन्याच्या सुरुवातीला तर नक्कीच म्हणाले असते. उलट तिकडे चांगली सोय असते वगैरेही म्हणाले असते.

आणि आपला नवरा आपल्याशी बोलायला इतका घाबरतो की दोनदा डिकीत डोकं घालतो, याचं मला फार वाईट वाटलं. रागही आला. दोन्ही एकदम.

२२ मार्च, शुक्रवार

जाऊबाईंचा फोन. आवाज मधासारखा. “घाई नाही ग, या रविवारी आम्हीच नाही घरी. एकतीसला आणा. आणि आमच्याकडे नको, जिने फार आहेत — परस्पर तिकडेच पोचवा. पत्ता पाठवते. छान आहे, बागबीग आहे. फक्त त्यांना आधी सांगू नका हं, उगाच रडारड.”

“समजू शकते,” मी म्हटलं. तोंडातून ऑफिसचंच वाक्य गेलं.

पत्ता आला. पाठोपाठ फुलांचं चित्र.

२८ मार्च, गुरुवार

आई बॅग भरत होत्या. चौथ्यांदा. घड्या घालताना मध्येच विचारलं —

“का ग, तिकडे मशीन ठेवायला जागा असेल ना?”

“भावजींकडे आहे की, आई. खिडकीपाशी.”

“हो. थोरल्याकडे आहे,” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मग मशीनला जुन्या चादरीचं आवरण घालून गाठ मारली, आणि म्हणाल्या, “तूच ठेव. तुझ्या पडद्यांची शिवण उसवलीय.”

त्यांना कळलंय. कुणी सांगितलं नाही, पण कळलंय. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. या बाईशी मी किती भांडले, आमटीवरून, टीव्हीवरून, पंख्याच्या वेगावरून! पण भांडायला तरी समोर माणूस लागतं.

३० मार्च, शनिवार

हे संध्याकाळी आले आणि सरळ म्हणाले, “उद्या पोचवतो. नियम माझाच आहे. दादाला नाही म्हणायला मला कधी जमलंच नाही. आणि तुझेही हाल होतात, दिसतं मला. दार लावून काम करता यायला हवं तुला.”

माझ्यासमोर खाली जाऊन नवा फ्यूज लावला, गाडी चालू करून दाखवली. वर येऊन तो तुटका कचऱ्याच्या डब्यात टाकला. वर चहाचा चोथा पडला.

मी “बरं” म्हटलं. दुसरं काय म्हणणार? या घरात सरळ बोलायची पद्धतच नाही.

३१ मार्च, रविवार

खर्र खर्र खर्र.

हे भांबावून माझ्याकडे बघायला लागले — “अगं, देवाशपथ, या वेळी मी काही केलेलं नाही!” मागून आई म्हणाल्या, “मी सीटचा पट्टा लावलाच नव्हता.”

“फ्यूज असेल,” मी म्हटलं आणि बॅगा उतरवायला घेतल्या. टेबल सकाळीच आईंच्या खोलीत खिडकीपाशी लावलंय, मशीनच्या शेजारी. जाऊबाईंना कळवलं — गाडीचा काही नेम नाही, पत्ता दुसऱ्या कुणाला द्या.

डिकीत, डावीकडे, झाकणाआड. निळा, कोपरा तुटका. चोथ्यातून काढून दोनदा धुतला होता मी.