मागाचा खड्डा

१५ एप्रिल, सोमवार

पोचले एकदाची! गेल्या आठवड्यापर्यंत साताऱ्यात लोकांच्या मोबाइलच्या फुटलेल्या काचा बदलत होते, आणि आजपासून मी गिटारची पेडलं बनवणार. आईला फोनवर सांगितलं तर तिला वाटलं शिलाई मशीनचं पेडल. मी म्हटलं, अगं, गिटारवाल्याच्या पायाशी एक लहानसा धातूचा डबा असतो. त्यावरचं बटण पायानं दाबलं की गिटारचा आवाज घुमतो, फाटतो, लांबून आल्यासारखा होतो. ती म्हणाली, फाटका आवाज कशाला हवा लोकांना?

कारखाना म्हणजे तांडापेठेतलं भूपेशदादांचं घर. घरात चौघं-पाचजण असतील असं वाटलं होतं, पण तिघंच आहेत: भूपेशदादा, काजलवहिनी आणि दादांचे वडील नत्थूजी. नत्थूजी कोष्टी, जन्मभर हातमागावर लुगडी विणली. माग केव्हाच मोडला, पण मागाच्या खोलीतला खड्डा तसाच आहे. विणकर जमिनीवर बसायचा, पाय या खड्ड्यात सोडून खालच्या पावड्या दाबायचा आणि वर सुताचा धोटा एका हातानं फेकून दुसऱ्यानं झेलायचा. दादांनी खड्ड्याच्या पुढच्या कडेवर सागवानी फळी टाकली आहे, तेच माझं टेबल. बसायला गोधडी, आणि पाय खाली खड्ड्यात. बाहेर चव्वेचाळीस डिग्री आणि पायांना माठातल्या पाण्यासारखा गारवा! कूलरच्या पुढे बसायला मिळावं म्हणून भांडणारी माणसं मूर्ख आहेत.

राहायला महाल भागात अरुंधतीकाकूंकडे खोली मिळाली आहे. काकू एकट्या असतात, जेवण देतात, प्रश्न फार विचारतात.

१८ एप्रिल, गुरुवार

काम आवडलं. डबा अॅल्युमिनियमचा, साडेचार इंच लांब, जेमतेम अडीच रुंद, सव्वा इंच खोल. त्यात वायर खुपसायचे दोन जॅक, आवाज कमीजास्त करायच्या तीन खुंट्या, पायाचं बटण, दिवा, सर्किटची पट्टी आणि शिवाय बॅटरी! पहिल्या दिवशी हसूच आलं. दादा म्हणाले, जागा असतेच, ती शोधावी लागते. आधी जॅक, मग खुंट्या. खुंटीच्या पाठीवर चिकटपट्टी लावायची, नाहीतर धातू पट्टीला टेकतो आणि पेडल मुकं होतं. वायर मोजून कापायची. बोटभर जास्त ठेवली तर झाकण बसत नाही, कमी ठेवली तर पुढच्या माणसाला दुरुस्त करता येत नाही. आज पाच डबे झाले. झाकण बसताना जो बारीक टक् आवाज होतो तो ऐकला की जेवल्यासारखं वाटतं.

तयार पेडल खड्ड्यात खाली ठेवलेल्या पाटावर मांडायचं आणि पायानंच दाबून तपासायचं. हाताला चांगलं लागणारं बटण पायाला कधीकधी अडतं.

नत्थूजी या खोलीत पाऊल टाकत नाहीत. बरोबर बारा वाजता दारात उभे राहतात आणि म्हणतात, "पाय वर घे वं बाई, बारा वाजले." मी पाय वर घेतले की जातात. मग मी जेवणाचा डबा खाते आणि ही वही लिहिते. मला वाटतं त्यांना वेळेवर जेवणाऱ्या माणसांचं कौतुक असावं.

२५ एप्रिल, गुरुवार

एका पेडलच्या बटणानं वैताग दिला. मी बंद करून ठेवावं आणि वर दुसरा डबा जुळवत असताना खाली टक् व्हावं. वाकून बघावं तर दिवा लागलेला. बटण बदललं. पुन्हा तेच. दादांना दाखवलं, त्यांनी अंगणात नेऊन पन्नास वेळा दाबलं, काही दोष नाही. माझाच पाय लागत असेल म्हणाले. असेल.

नत्थूजींशी थोडं बोलणं झालं. त्यांनी विचारलं, पायाले थंड लागते का? मी म्हटलं, छान लागतं.

२९ एप्रिल, सोमवार

माझा पाय लागत नाही. आज मांडी घालून वर बसले आणि मोजलं. अर्ध्या तासात अकरा वेळा. चार वेगवेगळी पेडलं ठेवली, चारही नवी, चारही वाजली. आळीपाळीनं. आधी उजवीकडचं, मग डावीकडचं, मग पुन्हा उजवीकडचं. घाई नाही, चूक नाही. माग चालवणाऱ्या माणसानं पाय टाकावेत तसं.

मोबाइलचा दिवा लावून खड्ड्यात उतरले. कमरेइतका खोल, सारवलेल्या भिंती, तळाला पावड्यांच्या खुंट्यांची दोन भोकं. उंदराचं बीळ नाही. झुरळसुद्धा नाही.

भरदुपारची वेळ, स्वयंपाकघरात वहिनी फोडणी घालत होत्या, ठसका माझ्यापर्यंत येत होता. अशा वेळी घाबरायचं तरी कसं? मी हसले आणि कामाला लागले.

५ मे, रविवार

सुट्टी. दुपारी झोपले होते तर काकूंनी उठवलं. म्हणाल्या, "अगं, झोपेत पाय किती चालवतेस! पलंग वाजतोय." मी म्हटलं उष्णतेनं होत असेल. त्यांनी सबजा घातलेलं सरबत दिलं.

ते पीत असताना खाली बघितलं. उजवा पंजा दाबला जात होता. मग डावा.

६ मे, सोमवार

शांतपणे लिहिते.

आज अकराच्या सुमारास शेवटची खुंटी बसवत होते. माझ्या डाव्या पावलावर एक पाऊल येऊन टेकलं. लहान मूल बापाच्या पायांवर उभं राहतं ना, तसं. लहान, बोटं बारीक, तळवा खरखरीत. गार. मी श्वास रोखून बसले. ते हललं नाही. मग दुसरंही आलं, उजव्यावर. वजन फार नव्हतं. म्हणजे मला ढकलायचं नव्हतं त्याला. नुसतं टेकायचं होतं.

पाय वर ओढले तेव्हा फळी उलटली, तीन डबे खाली आपटून चेपले.

दादा चिडले नाहीत. डबे गोळा करताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, उद्यापासून पडवीत बसा. मी विचारलं, घरातलं कोणी तिथे का बसत नाही? ते म्हणाले, "मुग्धा मॅडम, काम पडवीतबी होते ना?" आणि आत गेले.

७ मे, मंगळवार

पडवीत बसले. गरम झळा, वायरींना कथलाचा डाग देताना घाम पट्टीवर पडतो, पण पायांखाली फरशी आहे. चार डबे झाले.

दुपारी नत्थूजी माझ्याजवळ येऊन बसले. बराच वेळ माझ्या पावलांकडे बघत होते. मग सांगितलं. जसं सांगितलं तसंच उतरवते.

त्यांना भूपेशच्या आधी एक मुलगी होती, दामिनी. तेरा वर्षांची. हात एवढा चांगला की तिनं विणलेला काठ ओळखू यायचा. पण पोर खेळकर. माग सोडून अंगणात पळायची, बिब्ब्याच्या झाडाखाली बिट्ट्यांच्या बियांनी खेळायची. एका गिऱ्हाइकाला लग्नाची लुगडी विणून द्यायची होती, दिवस थोडे होते. अशाच मे महिन्यात एक दिवस त्यांना सूत आणायला गांधीबागेच्या बाजारात जायचं होतं. जाताना त्यांनी तिचे घोटे मागाच्या दोरीनं पावड्यांना बांधले. गाठ पाठीमागून मारली, तिचा हात पुरू नये म्हणून.

"बारा वाजेपर्यंतच बांधली होती वं. बाराले येऊन सोडतो म्हटलं होतं तिले."

ते दोनला आले. दारातून मागाचा आवाज येत होता, खटक-खटक, म्हणून निर्धास्त झाले. हातपाय धुतले. जेवले. तिची आई पुष्पलता तेव्हा माहेरी होती, घरात दुसरं कोणी नाही. जेवून खोलीत गेले तर पोर मागावर पालथी पडलेली, निळी. खड्ड्याच्या गारव्याला साप येऊन बसला होता. तिला पाय वर घेता आले नाहीत.

"पण आवाज?" मी विचारलं.

ते म्हणाले, "अंग थंड झालं होतं. पाय चालूनच राहिले होते."

८ मे, बुधवार

शुक्रवार दुपारचं तिकीट काढलं. दादांना सांगितलं, त्यांनी नुसती मान हलवली. दादा-वहिनी दोघं उद्या वहिनींच्या माहेरी भिवापूरला जाणार आहेत, अक्षयतृतीयेसाठी. शुक्रवारी सकाळी राहिलेले सहा डबे बंद करून नत्थूजींकडे द्यायचे आणि सुटायचं.

खोलीचं दार आज बंद होतं. आतून खटक-खटक ऐकू येत होतं. पेडल एकही नव्हतं आत.

९ मे, गुरुवार

काकूंना विचारलं, कोणाचे पाय बांधलेले असतील आणि आपण नुसतं बघून निघून गेलो तर? त्या म्हणाल्या, कसलं कोडं हे? मग भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "बघितलं असेल तर सोडवावं बाई. नाहीतर आपल्यात आणि बांधणाऱ्यात फरक काय?"

तेरा वर्षांची. तिनं मला काही केलं नाही. नुसते पाय टेकवले.

१० मे, शुक्रवार. सकाळचे साडेदहा

नत्थूजी अंगणात मेलेल्यांसाठी पाण्यानं मातीचे करे भरत आहेत. तीन करे. बायकोचा, आईवडिलांचा. मी विचारलं, दामिनीचा? म्हणाले, ती कुठं गेली आहे, तिचा भरायले?

काकूंचा निरोप घेऊन सामानासकट आले, इथूनच स्टेशनवर जायचं आहे. सहा डबे बंद केले. एक काम राहिलं आहे. हातात वायर कापायचं कटर आहे. मागाच्या खोलीत बसले आहे, वही फळीवर, पाय खड्ड्यात सोडले आहेत. भीती वाटते, पण फार नाही. ऊन थेट फळीवर येतंय.

अकरा

आली. पावलं आली, माझ्यावर टेकली. मी वाकून हात घातला. घोटा लागला. खरंच घोटा. मनगटाएवढा. त्यावर दोरी, खळ लावलेली, तारेसारखी कडक, कातडीत रुतलेली. मी म्हटलं, हलू नको हं दामिनी, दोन मिनिटं. ती हलली नाही. अगदी शहाण्यासारखी —

गाठ पाठीमागेच होती. दोन्ही कापल्या.

मी रडतेय. आनंदानं रडतेय. वजन निघून गेलं! माझ्या खांद्यावर हात टेकून वर चढली, मला बोटं जाणवली. आणि धावत गेली. फरशीवर ओली पावलं दिसतायत, दारापर्यंत, अंगणापर्यंत.

सव्वा अकरा

पाय वर येत नाहीत.

मुंग्या आल्या असतील म्हणून थांबले. मुंग्या नाहीत. हात घालून बघितला. दोरी आहे. माझ्या घोट्यांना. कटर लावलं, पातं तिच्यावरून घसरतं. गाठ पाठीमागे. हात पुरत नाही —

मोबाइल पडवीत चार्जिंगला.

हाका मारतेय.

साडेअकरा

नत्थूजी दारात आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आत आले. ओंजळीत पाणी होतं, ते सांडत होतं, त्यांना कळत नव्हतं. म्हणाले, "आली वं. माही पोट्टी आली. बिब्ब्याखाली खेळून राहिली."

मी म्हटलं बाबा मला सोडवा. गाठ मागे आहे, तुमचा हात पुरेल.

त्यांनी वाकून बघितलं. गाठ ओळखली. हात लावला नाही.

माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, "थोडा वेळ बस वं बाई. खेळू दे तिले. तीस वर्षं झाली बसून."

मी ओरडले. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. "हळू. घाबरते ती. पुन्हा इथंच येऊन बसन." दार लावून घेतलं. बाहेरून कडी.

बारा वाजून —

बाराला कोणी आलं नाही.

बाहेर हसतेय. ते तिला म्हणतायत, उन्हात नको, सावलीत ये, पाणी पी. किती मायेनं. कडीकडे कोणी —

भूपेशदादा रविवारी येणार. काकूंना वाटेल मी गाडीत बसले. आईला

एक

पाय चालायला लागले. मी नाही चालवत. उजवा. डावा. खाली पावड्या आहेत. नव्हत्या. आता आहेत. मी जोर लावून धरते तर गुडघे फाटतात इतकं —

खटक. माग नाही तरी आवाज

आई, मी डबे सगळे नीट बंद

हातही आता. उजव्या हातातलं पेन धोट्यासारखं डावीकडे फेकलं गेलं. डाव्यानं झेललं. मी नाही. परत उजवीकडे. मध्ये जेवढं लिहिता येईल तेवढं

नत्थूजी दाराशी थांबले होते. आवाज ऐकला. निर्धास्त झाले. पावलं लांब गे

डावीकडे

उज