वारं वळखलं, पन बोललो न्हाई

आई, तुझ्या पाया पडतो. पत्र धनश्रीकडून वाचून घे. मी बरा हाय, जेवन येळंवर मिळतंय. तुझी कंबर कशी हाय?

हितं गोव्याला लोकं फळीवर उभं राहून शिडानं समुद्रात पळत्यात. शिडं निवडून द्यायचं काम मला मिळाल्तं. वारं कमी आसलं की मोठं शीड, जास्त आसलं की लहान. तुझ्यासंगं बाजरी उपनलेली, म्हनून वारं लगीच कळायचं.

परवा वारं लई हुतं. शीड घ्यायला आलेला एक पाव्हना म्हनला, "मोठंच पायजे." सायब म्हनला, "दे की, बघतो काय!" मी गुमान दिलं. पाव्हना आपटला, खांदा निखळला. सायब सगळ्यांम्होरं वरडला, "ह्या येड्यानं दिलं!" तवाबी माझं तोंड उघडलं न्हाई. आता नुसत्या फळ्या धुतो.

आन्नांनी इचारलं तर सांग, तुमचं पोरगं गुनाचं हाय, कुनाला उलटून बोलत न्हाई.

तुझाच,
कल्याण