काळा चौकोन

बाबा, तुमचा चौकोन मी काळा करून घेतला. पोरीच्या डॉक्टरीणबाईंनी ऐकीव माहिती म्हणून त्यात नुसत्या बारीक रेघा ओढल्या होत्या. मी म्हटलं, पूर्ण भरा. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, आता तुम्हाला काही लागत नाही, हे मला कळतं. तरी त्या पेन फिरवत होत्या तोवर मला बरं वाटत होतं.

स्वयंपाकघरातला तो दिवस तुम्हाला आठवत नसेल. मी सातवीत होतो. हिरड्या दातांवर चढत चालल्या होत्या, पुढच्या दातांची फक्त टोकं दिसायची. आई चुलीपुढे भाकर थापते आहे. तुम्ही बोटानं माझा ओठ वर करता, बघता आणि तिला म्हणता, "तुह्या माहेरची घाण हाय हे. आमच्या घरात असं कोनाचं नाई." आईच्या हातातली भाकर तव्यावर दुमडून पडली. त्या आठवड्यापासून ती माझ्या तोंडासाठी दर सोमवारी अळणी जेवू लागली. आणि भजनात तुम्ही मला मागच्या रांगेत बसवलंत. "तू टाळ वाजव, तोंड उघडू नको." पस्तीस वर्षं झाली, मी टाळच वाजवतो. अभंग सगळे पाठ आहेत, पण ते देवानं माझ्या ओठांवर कधी पाहिले नाहीत. पुढे तुम्ही गायचात, तुमच्या झुपकेदार मिशा आणि बैलानं शिंग मारून दात पाडले म्हणून बसवलेली ती पांढरीशुभ्र कवळी घेऊन.

आता माझी मुलगी अमरावतीला कॉलेजात आहे आणि तोंडावर हात धरून बोलते. तिच्या हिरड्या फार वाढल्या तेव्हा आम्ही घाबरलो. आपल्याकडे तोंडात काही वाढलं की माणसं एकाच रोगाचं नाव घेतात. डॉक्टरीणबाईंनी हिरडीचा लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला त्या दिवशी त्या आधी एवढंच म्हणाल्या, "कॅन्सर नाही." नुसते चिवट तंतू वाढले होते. काही औषधांनीही हिरड्या अशा वाढतात, पण ही तसलं कुठलंच औषध घेत नव्हती. लाखो तोंडं पाहावीत तेव्हा असं एखादं दिसतं, आणि ते बहुतेक वेळा घराण्यातून येतं. "जुन्या माणसांना पुन्हा एकदा विचारा," त्या म्हणाल्या.

मी बडनेऱ्याला आत्याकडे गेलो. बैलाची गोष्ट काढली तशी ती पदर तोंडाला लावून हसली. "कोन्ता बैल रे? बैल बिचारा गोठ्यात कडबा खाऊन राहिला होता. तुह्या बापाचे दात हिरड्यानं गिळले होते. सोयरीक जुळेना, म्हनून आमच्या बानं त्याले अकोल्याले नेऊन सारे दात काढून आनले." मग तिनं तोंडावरचा पदर खाली घेतला. "तुह्या मायले त्यानं सांगतलं नाई का?"

नाही सांगितलंत. तिच्या हातची भाकर त्या कवळीनं चावत राहिलात आणि ती अळणी जेवताना समोर बसलात.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर आपलं घराणं काढलं. पुरुष असेल तिथे चौकोन, बाई असेल तिथे गोल, आणि ज्याला ही वाढ आहे तो काळा. आधी तुमचा. मग त्यांनी माझा ओठ वर करून पाहिला आणि माझाही काळा केला. मग पोरीचा गोल. तिच्या हिरड्या चार वेळा थोड्या थोड्या करून कापतील, पुन्हा वाढल्या तर पुन्हा कापतील. जिवाला धोका नाही.

तो कागद घेऊन मी गावी गेलो. आई तूर निवडत होती. सगळं सांगून झालं तरी ती सुपातली तूर पाखडतच होती. मग तिनं विचारलं, "यातली मी कोन्ती?" मी तिचा गोल दाखवला.

"रिकामाच हाय?"

"रिकामाच."

तिनं त्या गोलावरून बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. वार सोमवार होता. जेवताना तिनं मीठ मागितलं.

पितरात यंदा तुमचं पान मी वाढलं नाही. आई म्हणाली, "वाढ रे, मेलेल्या मानसासंग कायचा राग." माझ्या हातून झालं नाही. देवापुढे बसून मी त्याला विचारलं, या रागाचं काय करू; अजून विचारतो. राग उतरत नाही, आणि तो उतरावा असं मला खरं तर वाटतही नाही.

हे पत्र पोथीच्या फडक्यात बांधून ठेवतो आहे. तुमच्यापर्यंत ते पोचवायचं नाही. फक्त एक लिहायचं राहिलं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीतच विचारलं होतं, घरात आणखी कोणाला आहे का. तेव्हा मी मिशांखाली ओठ घट्ट मिटून म्हणालो, "आमच्याकडे कोणाला नाही," आणि बायकोकडे पाहिलं.