बोटीच्या टेबलाला बांधलेली सुटकेस

बाबा, तुमची साखळी नॉर्वेला जाऊन आली. हे आधी सांगते, कारण तुम्ही पहिल्यांदा सामानाचंच विचारलं असतं, माझं नंतर. सामान सगळं आलं, मीही आले. आत्ता आलमबागच्या घरी स्वयंपाकघरात बसलेय. आई भरताची वांगी भाजतेय. धाकटा साखळी हातात तोलून म्हणतोय, "दीदी, ये लोहा लेकर विदेश गई थीं? अब तो कबाड़ी को दे दो." आईनं वांगं न सोडता एवढंच म्हटलं, "देऊन तर बघ."

त्याला काय ठाऊक ती कशी आली ते. मी दहावी पास झाले, वर्गातल्या मुलींना घड्याळं मिळाली, आणि तुम्ही मला रिक्षानं अमीनाबादच्या बाजारात नेलंत. घड्याळाचं एक दुकान मागे पडलं, दुसरं पडलं, तरी मी आशा सोडली नाही. शेवटी हार्डवेअरच्या दुकानात थांबलात, ही साखळी निवडलीत आणि तिच्यासाठी एकेक कुलूप असं ओढून बघू लागलात की दुकानदार म्हणाला, "बाबूजी, लेना है कि तोड़ना है?" माझा चेहरा पाहून तुम्ही म्हणालात, "घड्याळ वेळ दाखवतं. तुला लांब जायचंय." लांब म्हणजे भुसावळ, असं मला तेव्हा वाटलं होतं. दर उन्हाळ्यात तिथंच तर जायचो. गाडी चारबाग स्टेशनातून हलायच्या आत तुम्ही बॅगा बर्थखाली साखळीनं बांधताय, मी लाजेनं खिडकीबाहेर बघतेय. "बाबा, लोक हसताहेत." "हसू दे. सकाळी कोणाची बॅग जागेवर असते ते बघ." मग साखळीला दोन हिसके आणि "झोप आता." किल्ली बनियनच्या आतल्या खिशात. ती अंगाला टोचली पाहिजे, म्हणजे आहे हे कळतं, हा तुमचा नियम.

घरातली पहिली बी.ए. मी झाले, तेव्हा तुम्हाला जाऊन काही वर्षं झाली होती. पुढे खेड्यातल्या शाळा कशा चालवाव्यात हे शिकायला नॉर्वेतल्या एका शाळेत जाण्यासाठी माझी निवड झाली. मला वाटत होतं, परत येऊन आपण निम्मा उत्तर प्रदेश शिकवून टाकू. ती शाळा होती पार उत्तरेला, एका लहानशा बंदरात, आणि तिथवर बोटीनं जायचं होतं, तेही भर हिवाळ्यात. बाबा, ती बोट तुम्हाला आवडली असती. अगदी आपली पॅसेंजर गाडी. डोंगर सरळ पाण्यात उतरलेले, मधल्या चिंचोळ्या खाडीतून ती आत शिरते, चार दिवे दिसले की थांबते, टपालाची पोती उतरवते, माशांची खोकी चढवते, एखादी आजी पिशवी सावरत उतरते आणि बोट पुढे. सूर्य उगवतच नाही. दुपारीही निळसर अंधार. मी केबिनमध्ये शिरल्या शिरल्या सुटकेस टेबलाच्या पायाला बांधली. टेबल जमिनीत ठोकलेलं होतं, तुम्ही खूश झाला असतात. किल्ली सेफ्टी पिनेनं शमीजला लावली. मग थंडी वाढत गेली तसे वरून स्वेटर चढत गेले.

माझं बंदर आलं तेव्हा माझ्या अंगावर आईचे दोन, मामीचा एक आणि तिबेटी बाजारातला एक स्वेटर होता, वर कोट. बोट तिथं जेमतेम पोती टाकण्यापुरती थांबते. केबिनींची देखभाल करणारे पांढऱ्या मिशांचे काका सुटकेस उचलायला आले. उचलली, तर साखळी ताणली आणि सुटकेस टेबलाकडेच परत गेली. "हे काय?" इंग्रजीत विचारलं त्यांनी. "साखळी." "किल्ली?" आता किल्ली कुठे आहे हे परक्या पुरुषाला कसं सांगायचं? मी त्यांना बाहेर काढून दार लावलं. पहिल्याच दिवशी बंदर चुकलं तर कोणत्या तोंडानं शाळेत जाणार होते? मामीचा स्वेटर डोक्यात अडकला, भोंगा वाजला, बाहेरून काका ओरडले, "मॅडम, जहाज थांबणार नाही!" मी आतून ओरडले, "माझे वडीलसुद्धा ऐकणार नाहीत!" शेवटी किल्ली टोचली, बाबा. टोचली म्हणून सापडली.

मी धक्क्यावर उतरले ती एक स्वेटर अंगात, तीन आणि कोट खांद्यावर आणि हातात साखळी. काकांनी सुटकेस बर्फावर ठेवली. "तुमच्याकडे फार चोर आहेत का?" "असतील. पण आमच्या घरातली एकही बॅग गेली नाही." त्यांनी टोपी काढली. मला न्यायला आलेल्या बाई लांबून सगळं पाहत होत्या. शाळेत मला साखळीवाली म्हणूनच ओळखू लागले.

पाठवायचं कुठे, म्हणून हे पत्र साखळीबरोबर ट्रंकेतच जाईल. एक राहिलं. इथं सगळे विचारतात, तिथं आकाशात हिरवा उजेड नाचतो म्हणे, पाहिलास? मी हो म्हणते. परवा इथल्या शाळेतल्या मुलींना हात हलवून त्याचं वर्णनही केलं. पाहिला नाही, बाबा. बोटीवर घोषणा झाली, सगळे डेकवर धावले म्हणे. मी मात्र साखळीला दोन हिसके देऊन, स्वतःलाच "झोप आता" म्हणून गाढ झोपले होते.