कोणता गज

करंजा, ३ जानेवारी २०२५

चि. दिपिकास चंद्रावती आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. बापासारखीच हट्टी आहेस.

तुझ्या शिवाकाकाच्या डाव्या हाताची बोटं आता वळणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. त्या हातानं डबल बास, ते गजानं वाजवायचं मोठं तंतुवाद्य, वाजवला की परदेशातली माणसं उभी राहून टाळ्या वाजवायची. ओवे गावच्या भजनी मंडळालाही त्यानं ते रेड्याएवढं वाद्य पखवाजाच्या जोडीला घ्यायला लावलं. आता चहाचा कप हातात राहत नाही.

तरी एक मागते. वीस तारखेला कोर्टात तुझी साक्ष. तुझ्या बापाने, निकेशदादाने, शिवाला गजाने मारलं, एवढंच पोलिसांनी तुझ्या जबाबात लिहिलंय. तुझ्या बाबांचे वकील म्हणतात, वाद्य वाजवायचाही गजच असतो आणि तो लाकडाचा असतो. तू नुसतं गज म्हण, खोटंही होत नाही आणि दादा सुटतो. दादाच्या कळंबोलीच्या गोदामातल्या लोखंडी सळईचं नाव काढू नकोस. शिवाही म्हणतो, भाऊच हाय, जाऊ दे.

माया आहे तशी राहू दे.
तुझी आत्या

पनवेल, ८ जानेवारी

ती. आत्यास दिपिकाचा सा. न. वि. वि.

तू तिथे नव्हतीस. साखरपुडा सोडून त्या साडीतच मी घरातून निघाले आणि काकांकडे त्यांचा बास वाजवत बसले, एवढाच माझा गुन्हा. बाबा दार फोडून आत आले. पहिल्या फटक्यात वाद्य फुटलं, दुसऱ्यात काकांची बोटं. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला, तरी बाबा मारतच होते. शेजाऱ्यांनी ओढून काढलं तेव्हा साडीवर रक्त होतं.

नुसतं गज म्हणणं खोटं नाही, हे कळतं. म्हणूनच जीव खालीवर होतो. तुरुंगात जाणारा माझा बाप आहे.

रागावू नकोस.
तुझी दिपिका

करंजा, १३ जानेवारी

चि. दिपिकास आशीर्वाद.

जामिनावर सुटलेला दादा काल आला होता. माझ्या नवऱ्याची कॉलर धरली, ओट्यावरचा कोयता उचलून दारात रोवला. पोरगी सळई म्हणाली तर शिवाचं घर पेटवीन, तिला मेली समजेन, असं ओरडून गेला. मी घाबरले गं. माझ्यासाठी तरी गजावर थांब.

तुझी आत्या

पनवेल, २१ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

काल कोर्टात बाबांच्या वकिलांनी विचारलं, मी गज म्हणाले आणि थांबले. तू सांगितलंस तसंच. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, लहानपणी गाडीवर पुढे बसवताना पाहायचे तसं. मला रडू आलं. मग वकील म्हणाले, म्हणजे वाजवायचाच गज ना, एवढं हो म्हणा.

मला नाही जमलं. गोदामातला लोखंडी गज, असं मी सांगितलं. वाजवायचा गज बाबांकडे कसा असेल, तो माझ्या हातात होता. बाबांनी नेम धरला होता तो तारांवरच्या माझ्या बोटांवर. काकांनी त्या बोटांवर आपला हात ठेवला.

तुझा लोभ उरला असेल तर राहू दे.
तुझी दिपिका