अस्वल शिंपी

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न., भांडणाची हौस मनात ठेवून.

मासिकात चित्रं काढणाऱ्या त्या मुलीने माझ्या गोष्टीतल्या अस्वलाच्या ओठांत टाचण्या चितारल्या, त्या क्षणी माझं सगळं बदललं. तोवर मी कॉलेज अर्ध्यावर टाकून प्राण्यांच्या गोष्टी खरडणारा रिकामटेकडा होतो (शब्द तुझाच). ते चित्र पाहिलं आणि कळलं, की मी लेखक आहे आणि या मुलीशिवाय माझं काही खरं नाही.

गोष्टीत एक अस्वल असतं, धंद्यानं शिंपी. ते सगळ्या पिल्लांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतं. स्वतःच्या पिल्लाला तर एवढा मोठा कोट शिवतं, की ते त्यात पाय अडकून ओढ्यात पडतं. हसू नकोस, बाबांनी शिवलेले माझे शाळेतले शर्ट आठव. कॉलेजही बाबांनी माझ्यासाठी तसंच बेतलं होतं.

तिची कामाची एक तऱ्हा आहे. मनाने एकही प्राणी काढत नाही. आधी तसा माणूस बघून येते. म्हणून तर मागे तिला घरी आणलं होतं. बाबांना हे सांगितलं असतं, तर ते अवघडून बसले असते.

मासिकाचा अंक सोबत आहे. आता पुस्तक निघतंय आणि मुखपृष्ठावर हेच अस्वल. बाबांना दाखव, त्यांनाही गंमत वाटेल.

लोभ आहेच, तो शिव्यांसकट असू दे.
तुझा धाकटा

१४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद द्यायचं आज जिवावर आलंय, तरी देते.

अंक दाखवला. बाबांनी गोष्ट वाचली आणि मला विचारलं, की ते पोर ओढ्यातून बाहेर येतं ना. तू तसं कुठे लिहिलेलं नाहीस. मी मात्र येतं म्हणून सांगितलं. मग त्यांनी चित्र पाहिलं. चष्म्याची दोऱ्याने बांधलेली दांडी, गळ्यातली टेप, ओठांतल्या टाचण्या. तेव्हापासून टाचण्या बशीत ठेवतात. दर वेळी हात लांब करावा लागतो, खांदा दुखतो, पण ऐकत नाहीत.

तुला वाटेल, अस्वल केलं म्हणून दुखावले. तसं नाही रे. त्या दिवशी तू तिला आणलंस, ते आपल्याला सून दाखवायला, असं बाबांनी धरलं होतं. उगाच नाही इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. ती टक लावून बघत होती, तर मला आत येऊन म्हणाले, की पोरगी घर पारखून घेतेय, शहाणी आहे. तुम्ही गेल्यावर नुसत्या नजरेच्या अंदाजाने त्यांनी तिच्यासाठी एक जाकीट शिवलं. ते दुकानात टांगलेलं आहे. गिऱ्हाइकं विचारतात, तर बाबा ते विकायचं आहे असंही सांगत नाहीत आणि कुणाचं तेही सांगत नाहीत.

ते चित्र पुस्तकात नको. बाबा म्हणणार नाहीत, म्हणून मी म्हणते. चिडशील ते ठाऊक आहे. निदान उलट टपाली चिडू नकोस.

माया कमी झालेली नाही.
ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न.
लोभ असू दे, हे आत्ताच लिहून टाकतो. शेवटी लिहिणं जमणार नाही.

पत्र वाचून चिडलो आणि तसाच तिच्या खोलीवर गेलो. मुखपृष्ठ रंगवून वाळत ठेवलं होतं. अस्वल बदल, म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, की सगळ्या पुस्तकात जिवंत तेवढं एकच आहे. ते जाणार असेल तर तिचं नावही काढावं. खरं होतं ते, आणि म्हणूनच झोंबलं.

मग मी तिला बाबांना काय वाटलं होतं ते सांगितलं. जाकिटाचंही सांगितलं. सांगताना मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, ताई. वाटलं, आता तरी काही बोलेल.

ती हसली. कुचकं नाही, लहान मुलाच्या भाबडेपणाला हसतात तशी. त्यांना असं का बरं वाटलं असेल, म्हणून मलाच विचारलं. मग माझा चेहरा बघता बघता तिचा हात पेन्सिलीकडे गेला आणि ती म्हणाली, की जरा असाच थांब.

ती किती वेळ बाबांकडे तशीच बघत बसली होती आणि ते कसे ताठ बसून राहिले होते, ते मला तेव्हा दिसलं.

मी थांबलो नाही. गोष्ट परत घेतोय, प्रकाशकांना कळव, एवढं सांगितलं. तिने अडवलं नाही. टेबलावरचे माझे कागद गोळा केले, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.