उजव्या कौलाची बाईक

२ नोव्हेंबर, रविवार
निर्णय झाला. स्पोर्ट बाईक घ्यायची. जुनी. नवी कोणीही घेतो, जुनी घ्यायला नजर लागते. जुनी स्पोर्ट बाईक घेताना काय काय तपासावं याचे व्हिडिओ महिनाभर जेवताना बघतोय. आता मीच एक काढू शकेन.

वय पंचेचाळीस. सहकारी सोसायटीत हेडक्लार्क. आजवर जे वाहन चालवलं त्याच्या पुढच्या हुकाला कायम भाजीची नाहीतर मासळीची पिशवी. आता हूकच नसलेली गाडी हवी.

मैनाला सांगितलं, स्कूटर बदल्यात द्यायची. ती म्हणाली, स्कूटर देऊन टाकलीत तर मी अंगणवाडीत कशाने जाऊ? बायकोला मूळ मुद्दा कळत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर जाहीर केलं. १४ डिसेंबर, रत्नागिरी ते केळशी राईड. सगळ्यांत पुढे मी. हर्षदने विचारलं, तुझ्याकडे स्कूटर ना रे? उत्तर दिलं नाही. रस्त्यावर मिळेल.

९ नोव्हेंबर, रविवार
पावस गावाच्या पुढे अद्नानकडे बाईक बघितली. लाल. २०१० ची. अद्नान कुवेतला नोकरीला, सुट्टीवर आलाय. बाईक तीन वर्षं पडवीत प्लास्टिकखाली. समोर समुद्र. म्हणजे हवा चांगली.

सगळं शास्त्रशुद्ध तपासलं. इंजिन आधीच गरम होतं. अद्नान म्हणाला, गार असली की उठत नाय, म्हणून सकाळधरनं तापवून ठेवलीय. पाहुणा यायच्या आधी कोण एवढं करतं? टाकीत टॉर्च मारला. आत तांबूस, बाहेरच्या रंगाला धरून. पुढच्या शॉकअपमधून तेल ठिबकतंय. तेलाची कमतरता नाही हे सिद्ध. टायरना बारीक भेगा आहेत, पण नक्षी शाबूत. उजवीकडचं प्लास्टिक फुटून तारेने शिवलंय. म्हणजे एकदा पडून झालेली आहे, पुन्हा पडायचा प्रश्न नाही. रजिस्ट्रेशनची पंधरा वर्षं संपली, पासिंग परत करावं लागेल. किरकोळ.

अद्नान दोनदा म्हणाला, दादा, आधी मेकॅनिकला दाखवा, मागाहून मला बोल नको. जीव अडकलाय त्याचा गाडीत, स्पष्ट दिसत होतं. मी घाई केली. अदलाबदल ठरली. बाईक मला, माझी स्कूटर त्याच्या बहिणीला. मनाल तिचं नाव, कॉलेजला जाते.

११ नोव्हेंबर, मंगळवार
मैना अजून नाहीच म्हणते. शेवटी डोकं चालवलं. म्हटलं, देवीला कौल लावू. देवीपुढे तिचं काही चालणार नाही.

संध्याकाळी वाडीतली माणसं जमली. रावजी गुरवांनी देवीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या लावल्या आणि विचारलं, आई, ही गाडी सागरच्या दारात येऊ दे की नको, काय असेल ते सांग. क्षणात उजवी पाकळी खाली. उजवी म्हणजे हो. मी व्हिडिओत बघितलेल्या सगळ्या तपासण्या एका बाजूला आणि हे एका बाजूला.

मैना हात जोडून डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. ओठ हलत होते. हरल्यावर माणूस भाविक होतो.

१६ नोव्हेंबर, रविवार
आणली! पावसहून सड्यापर्यंत झकास. सड्यावर इंजिन बंद पडलं, पण तिथून आमच्या घरापर्यंत उतारच आहे. एक थेंब पेट्रोल न जाळता सरळ अंगणात. ब्रेक थोडा उशिरा लागला. तुळशीवृंदावनाचा एक कोपरा गेला. तो तसाही सैल होता.

वाडीत सगळ्यांना सांगितलं, देवीने दिली.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सुरू होत नाही. कालची दमणूक. एसटीने गेलो.

१८ नोव्हेंबर
सुरू होत नाही. थंडी.

२० नोव्हेंबर, गुरुवार
केरू मेकॅनिक आला. टाकीचं झाकण उघडलं, आत बघितलं, लावून टाकलं. चहा प्याला. म्हणाला, टाकी, कार्बोरेटर, बॅटरी, शॉकअपचे सील, ब्रेक, एवढंच. पण काम गॅरेजवर, गाडी आधी वर रस्त्याला आणा.

आमचं घर खळग्यात. बंद गाडी पाखाडीच्या पायऱ्यांच्या बाजूने चढवायची तर सहा गडी हवेत. वाडीत सहा गडी कुठले? दांडगे सगळे मुंबईला. इथे मी, रावजी आणि दम्याचे दोघे.

थोडक्यात, दुरुस्तीला वर न्यायची तर गाडी चालू पाहिजे, आणि चालू व्हायची तर दुरुस्ती पाहिजे. पासिंगलाही चालूच लागते. मार्ग निघेल.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
घरी आलो तर शिरा. मैना देवीची ओटी भरून आली होती. कशाबद्दल विचारलं. म्हणाली, नवस होता, फेडला. जास्त खोदलं नाही. माझी गाडी मार्गी लागावी म्हणून देवीला साकडं घातलं असणार. ही बाई रोज दोन मैल पायी अंगणवाडीत जाते, उन्हातून येते आणि नवस माझ्या बाईकचा. डोळ्यांत पाणी आलं. शिरा दोनदा वाढून घेतला.

ठराव: बाईक सुरू झाली की पहिली फेरी मैनाला.

३० नोव्हेंबर, रविवार
अद्नानचा फोन. परवा कुवेतला निघालाय. म्हणाला, दादा, आमची अम्मी म्हणते, कुणाच्या मनात किंतू राह्यला नको. बाईक नको असली तर टेम्पो लावून, माणसं घालून मी नेतो. तुमची स्कूटर घेऊन जा.

हो म्हणणार होतो. ओठांवर आलं होतं. पण अख्ख्या वाडीत देवीने दिली देवीने दिली करून बसलोय. रावजींना नुसतं चाचपडून विचारलं, तर म्हणाले, कौलानं आलेली वस्तू कौलाबिगर उंबऱ्याभायर जात नाय. आणि कौल कुणी मागितलान? तूच ना? अद्नानला म्हटलं, बाईक झकास आहे.

अडकलो आहे. हे फक्त इथे लिहितोय.

४ डिसेंबर, गुरुवार
हर्षदने ग्रुपवर विचारलं, कॅप्टन, बाईकचा फोटो टाक. टाकला. अंगणातला. तो म्हणाला, आता चालतानाचा व्हिडिओ. चार्जर सापडत नाही असं कळवलं.

६ डिसेंबर, शनिवार
एसटीच्या खिडकीतून स्कूटर दिसली. माझी. मनाल चालवत होती आणि मागे मैना. मनालला ती रस्त्यात चालताना दिसली, तेव्हापासून रोज अंगणवाडीपर्यंत सोडते म्हणे. दोघी कशाला तरी हसत होत्या. हुकाला मैनाची पिशवी.

माझ्याशी बोलताना अशी हसलेली आठवत नाही. खिडकी लावून घेतली. वारा फार होता.

९ डिसेंबर, मंगळवार
राईड रविवारी. शेवटी मैनाला न सांगता एकटाच देवळात गेलो. रावजींना म्हटलं, कौल लावा, गाडी परत करू का विचारा. अद्नान गेला असला तरी त्याची अम्मी आहे.

पाकळ्या लावल्या. डावी हलेना, उजवी हलेना. रावजींनी तीनदा विनवलं. मी नारळ कबूल केला, मग दोन केले. पाकळ्या चिकटवल्यासारख्या.

मग रावजी पायरीवर बसले, तंबाखू मळली आणि म्हणाले, देवी बोलणार नाय रे सागऱ्या. मी विचारलं, का? ते म्हणाले, तुझ्या बायकोनं कौल लावला त्याच दिवशी नवस केलान. ओटी भरायला आली तेव्हा गाऱ्हाणं मीच घातलं, म्हणून मला ठाऊक. बोलली व्हती, आई, गाडी येऊ दे, त्यांचा हट्ट पुरव. पण ती चालू नको देऊस. मी जल्मभर पायी जाईन, पण ह्यांना चौघांनी उचलून घरी आणायची पाळी नको आणूस.



रावजी म्हणाले, तुला हवी व्हती, तुला दिलीन. तिला चालायला नको व्हती, चालत नाय. देवीनं दोघांचंही ऐकलान. आता आणखी काय विचारतोस?

घरी येताना पाखाडीच्या पायऱ्या उतरताना एकदा बसलो. तो शिरा मी दोनदा वाढून घेतला होता.

१० डिसेंबर, बुधवार
बाईक बहुतेक आज सुरू झालीच असती. पण देवीचा शब्द मोडणं बरं नाही, म्हणून मी स्वतः बॅटरी काढून ठेवली. उतरलेली होती, तो भाग वेगळा.

मैनाला काही विचारलं नाही. तिनेही काही सांगितलं नाही. जेवताना तिने मला माशाचा मधला तुकडा वाढला. नेहमीच वाढते, मीच आजवर बघितलं नव्हतं.

१४ डिसेंबर, रविवार
ग्रुपवर कळवलं, देवकार्यामुळे कॅप्टन येऊ शकत नाही. नऊ जण गेले. केळशीच्या वाळूत उभे राहून फोटो टाकला. हर्षद मधोमध.

सकाळभर बाईक पुसली. हँडलवर मैनाने कोकमाची सोलं वाळत घातली होती. एकेक उचलून आरसा पुसला आणि परत होती तशी ठेवली.

अकराच्या सुमारास अंगणात हॉर्न. स्कूटर. चालवणारी मैना. मनालला आज सुट्टी, म्हणून दिवसापुरती मागून आणली होती. म्हणाली, बंदरावर मासळी आली असेल, येताय का, पिशवी धरायला माणूस हवंय. मी म्हटलं, बघतो. चप्पल आधीच पायात होती.

मागे बसलो. सड्याच्या उतारावर ती म्हणाली, अहो, नीट धरा, पडाल. मी धरलं. काटा तीसवर होता. खरं सांगायचं तर तेवढाही मला जास्तच वाटला.

बांगडे चांगले मिळाले. हुकाला एक पिशवी मावली, दुसरी माझ्या मांडीवर.